मावशींना बोलवायचं का?

जून २०२० मधली, कोरोनाच्या पहिल्या लॉकडाऊननंतरची गोष्ट. सोसायटीच्या ऑफिसातून दोन पानी फॉर्म आला होता, कामवाल्या बाईंना परत बोलवायचं असेल तर तो भरून सही करून द्यायचा. नाव, पत्ता, आधार नंबर, वय, घरात माणसं किती, नवरा काय करतो, आधीपासून कुठला आजार, वस्ती कंटेन्मेंट झोनमध्ये आहे का, अजून किती घरी काम करते, आणि शेवटी ठळक अक्षरात, सदर महिलेमुळे सोसायटीत संसर्ग झाल्यास संपूर्ण जबाबदारी सदनिकाधारकाची राहील. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना गेटच्या आत सोडत नव्हते म्हणून मीच खाली गेले. त्या गेटच्या बाहेर, मी आत, मध्ये लोखंडी गज, दोघींच्या तोंडाला फडकं, पावसाची नुसती उमस. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते, त्या उत्तर देत होत्या, मी लिहीत होते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् तुमची माहिती कुठं लिवायची, ताई?" मला आधी कळलंच नाही. माझी कशाला? तर म्हणाल्या, "तुमच्यात कुणाला ताप-बिप हाय का ते मला कोण सांगणार? माझ्या बी घरात पोरं हायेत."

त्यात राग नव्हता, टोमणा तर अजिबात नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. मी तिथेच सांगितलं की सगळे बरे आहेत, कुणालाही काही नाही, नवरा फक्त किराण्याला बाहेर पडतो. त्यांनी मान हलवली आणि बाजूला सही केली. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तीन महिने आम्ही घरात, फोनवर, सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा करत होतो, बाईंना बोलवायचं की नाही, आणि त्या सगळ्या चर्चेत बाईंनी यायचं की नाही हा प्रश्न कुणाच्याच तोंडून आला नव्हता.

मावशींचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. राहायला पुण्यातल्या जनता वसाहतीत, पर्वतीच्या टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत. आम्ही एरंडवण्यात. दत्तवाडीतून खाली उतरून म्हात्रे पूल ओलांडून चालत येतात. आमच्या बिल्डिंगमध्ये आणि शेजारच्या गल्लीत मिळून चार घरं होती त्यांची, आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी. जनता कर्फ्यूच्या रविवारच्या आदल्या दिवशी नेहमीसारख्या येऊन गेल्या. त्याआधी दोनेक आठवडे, राज्यातले पहिले पेशंट पुण्यातच सापडल्यापासून, रोज त्याचीच चर्चा चाललेली. दुबईहून आलेले होते ते. मावशींनी तेव्हा विचारलेलं आठवतंय, "इमानातनं आलाय म्हणं हा आजार?" विमानातून आला हे खरंच होतं. तो विमानाने फिरणाऱ्यांकडे आधी पोचला आणि वस्त्यांत नंतर, आणि तरी महिन्याभरात आमच्या ग्रुपवर सगळ्यांची भीती म्हात्रे पुलाच्या पलीकडच्या बाजूकडे तोंड करून बसली.

मग घरातलं काम. सकाळचा साडेसातचा सिंकमधला स्टीलचा आवाज बंद झाला आणि मला तो किती लागत होता ते कळलं. आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. चारही माणसं चोवीस तास घरात म्हणजे दर दोन तासांनी कुणालातरी काहीतरी खायला हवं, आणि प्रत्येक खाण्याची भांडी. कुकरच्या शिट्टीच्या जागी अडकलेली डाळ, दुधाच्या पातेल्याला खाली धरलेली साय, तव्याच्या कडेचा काळा थर. नवऱ्याने फरशी घेतली, ती त्याने मनापासून केली हे सांगायला पाहिजे. भांडी माझ्याकडे. लॅपटॉपवर मीटिंग चालू, कॅमेरा बंद, आणि कानात इअरफोन घालून मी घासणी फिरवतेय. मे महिन्यापर्यंत बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यात साबण गेला की चरचरायचं. मावशींच्या हाताला त्या भेगा मी कित्येक वर्षं पाहत होते, चहाचा कप घेताना दिसायच्या. पाहणं आणि रात्री झोपताना त्यांना तूप चोळत बसणं यात फार अंतर आहे.

ग्रुपवर मात्र वेगळंच वारं होतं. कुणी झाडूसोबत फोटो टाकले, कुणी लिहिलं की आपण उगाच इतकी वर्षं बाई ठेवत होतो, व्यायामही होतो आणि पैसेही वाचतात. डिशवॉशरचे फोटो, कुठलं मॉडेल, कढई निघते का, वेटिंग किती. मला त्या लोकांचं चुकलं असं म्हणायचं नाही. आपलं काम आपण करावं यात वाईट काय. पण प्रत्येक डिशवॉशरच्या फोटोखाली मला एक कुठलीतरी बाई दिसायची जिला एप्रिलचा पगार मिळाला नव्हता.

पगाराबद्दल आमच्या घरात वाद झाला नाही, तेवढं एक सोपं गेलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "तिचा पगार थांबवायचा नाही. पण येऊ द्यायचं नाही." त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, दमा जुना, पावसाळ्यात पंप लागतो. त्यांची भीती खरी होती, आणि माझी त्यांच्यासाठीची भीतीसुद्धा. मावशींचं जनधनचं खातं होतं, त्यात नवरा पैसे टाकायचा. त्याच खात्यात सरकारचे पाचशे रुपयेही आले, एप्रिल ते जून दरमहा पाचशे. त्यांचे यजमान रिक्षा चालवतात, ती वसाहतीखाली उभी. चारपैकी दोन घरांनी पूर्ण पगार दिला, एकाने अर्धा, आणि एका घराने मार्च महिन्याचे शेवटचे दहा दिवससुद्धा कापले. खाडे धरले! सगळा देश बंद, पोलीस रस्त्यावर काठी घेऊन उभे, आणि खाडे. हे मला मावशींनी सांगितलं नाही, त्यांच्या मुलीने सांगितलं, एकदा फोनवर. तिची शाळा घरातल्या एकुलत्या मोबाईलवर भरत होती, त्यामुळे सकाळी फोन केला की तीच उचलायची आणि हळू आवाजात म्हणायची, लेक्चर चालूय काकू.

मला वाटत होतं की घरी बसा, पगार मिळतोय, तब्येत सांभाळा, हे सगळ्यात चांगलं. मे महिन्यात मी त्यांना तसं म्हटलंही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग जे बोलल्या ते मला शब्दाशब्दाने आठवतं: "बसून किती दिस घ्यायचे पैसे? तुमास्नी सवय लागंल माझ्याबिगर. मग म्हनाल, आता नको बाई." मी लगेच म्हटलं, छे, असं कसं म्हणू. पण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी ग्रुपवरचे डिशवॉशर पाहिले नव्हते आणि तरी त्यांना ते दिसत होते. घरी बसून मिळणारा पगार माझ्या चांगुलपणावर उभा होता, आणि कुणाचा चांगुलपणा किती महिने पुरतो याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर बघितला होता. काम करून मिळणारा पगार निदान मागता येतो.

म्हणजे त्यांना यायचं होतं. आणि घाबरतही होत्या. दोन्ही एकदम.

माझंही तसंच होतं, वेगळ्या कारणांनी. मला त्यांना बोलवायचं होतं ते त्यांच्या भल्यासाठी असं मी म्हणू शकते, पण माझी कंबर दुखत होती हेही तितकंच खरं आहे, आणि घरातलं सगळं आपोआप माझ्याच अंगावर येऊन पडतंय याचा मनात साचलेला राग होता तो वेगळाच. आणि या सगळ्याच्या समोर सासूबाईंचा रात्रीचा खोकला. खोकला ऐकू आला की मी अंथरुणात उठून बसायची, मोजत राहायची, थांबतो का वाढतो. ऑक्सिमीटर आम्ही जास्त पैसे देऊन घेतला होता, तो त्यांच्या बोटाला लावून सत्त्याण्णव दिसेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. अशा वेळी बाहेरून येणारं प्रत्येक माणूस, दूधवालासुद्धा, धोका वाटतं. त्या वाटण्याला मी खोटं म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मला आधीपासून खुपत होती. माझं आजोळ साताऱ्याजवळच्या एका गावात. तिथे भांडी घासायला येणारी बाई मागच्या दाराने यायची, विहिरीजवळच्या दगडावर बसून राख लावून भांडी घासायची, आणि तिची कपबशी मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर उपडी घातलेली असायची. कानाजवळ टवका उडालेली, निळी फुलं असलेली. आजी प्रेमळ होती, त्या बाईच्या बाळंतपणात तिने डिंकाचे लाडू पाठवलेले मला आठवतात. लाडूंचा डबा घरातलाच जायचा, पण कप तोच आणि कट्टाही तोच. मी एकदा त्या कपातून पाणी प्यायले तर मोठा गहजब झाला होता. का, ते कुणी समजावून सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही वाटली नाही कुणाला. ते नंतर मोठं होताना आपोआप कळलं, आणि कळल्यावर मी ठरवलं होतं की माझ्या घरात असलं काही चालणार नाही. आमच्याकडे मावशी आमच्याच कपातून चहा घ्यायच्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून. आणि २०२० ने काय केलं तर अंतर ठेवा, शिवू नका, वेगळी भांडी ठेवा, हे सगळं डॉक्टरांच्या आणि सरकारच्या तोंडून, अगदी योग्य कारणासाठी, रोज फोनच्या कॉलर ट्यूनवर ऐकवलं. ज्या घरांत ते कपबशीचं खूळ कधी गेलंच नव्हतं त्यांना केवढा आधार मिळाला! आमच्या बिल्डिंगमध्ये कामवाल्या बायकांना लिफ्ट बंद झाली. कुरियरवाला लिफ्टने, फ्लॅटवाले लिफ्टने, आणि मावशी पाच मजले जिन्याने. विषाणू काय मजले मोजून चढतो का, असं मी मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं की सगळ्यांच्या भल्यासाठी आहे.

सगळ्यांच्या, म्हणजे त्यांच्या सोडून सगळ्यांच्या.

शेवटी आम्ही बोलावलं. कसं बोलवायचं ते मावशींनी आणि सासूबाईंनी मिळून ठरवलं, मी मध्ये फक्त फोन धरून. सासूबाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार लावून बसते, ती गेल्यावर तासाभराने बाहेर येईन. मावशींचं म्हणणं, खिडक्या सगळ्या उघड्या ठेवा, पंखे लावा, आणि मी असताना स्वयंपाकघरात दुसरं कुणी नको. आणि अजून एक, "कुणाला बारीक जरी ताप आला तरी मला आदल्या दिवशी फोन करा, मी येनार न्हाय, आन् तो खाडा धरायचा न्हाय." उलटही तेच, त्यांच्या घरात कुणाला काही झालं तर त्या कळवतील आणि येणार नाहीत, पगार चालू. हे आम्ही वहीच्या पानावर लिहिलं. सोसायटीच्या दोन पानी फॉर्मपेक्षा त्या अर्ध्या पानात जास्त अक्कल होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. एक आठवडा काम झालं असेल नसेल, तेवढ्यात १३ जुलैला पुण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, २३ तारखेपर्यंत. तोवर त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले होते. मग पुन्हा घासणी माझ्या हातात.

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या सिरो सर्व्हेचे आकडे आले. पाच प्रभागांत लोकांचं रक्त तपासलं, त्यात नवी पेठ-पर्वतीचा प्रभागही होता, आणि ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेला आणि पत्ताही नाही. वस्त्यांमध्ये प्रमाण जास्त होतं, पण बंगल्यांत राहणाऱ्यांमध्येही चाळीस टक्क्यांच्या वर निघालं. मला त्यातला संडासाचा आकडा विसरता येत नाही. ज्यांचा संडास सामायिक आहे त्यांच्यात सुमारे ६२ टक्के, स्वतंत्र आहे त्यांच्यात सुमारे ४५. मी तो आकडा नवऱ्याला वाचून दाखवला, मग आम्ही दोघंही आपल्या सोसायटीचा विचार करायला लागलो. गेटजवळ वॉचमनच्या खोलीला लागून एक संडास आहे, कामवाल्या बायका तो वापरायच्या. एप्रिलमध्ये त्याला कुलूप लागलं, संसर्ग नको म्हणून. बायका परत कामावर आल्या तरी कुलूप तसंच. मावशी सकाळी सहाला घर सोडायच्या आणि दुपारी दीड-दोनला परत पोचायच्या, चार घरं, पाच जिने, आणि मध्ये कुठेही जायची सोय नाही, म्हणून सकाळी पाणीच प्यायच्या नाहीत. मास्क लावून, पाणी न पिता. हे मला कळलं ते त्यांना चक्कर आल्यावर. त्यानंतर आमच्या घरचा संडास वापरा म्हटलं तर सुरुवातीला ऐकेचनात, आजींना चालेल का म्हणून. सासूबाईंनी बंद दाराआडून ओरडून सांगितलं, "अगं जा, मी काही तिथे राहत नाही!" तेव्हा हसल्या आणि गेल्या.

काही लोक म्हणतात, हे सगळं संकटातलं, तात्पुरतं, त्यावरून काय एवढं. मला ते पटत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता, त्यातूनच इथल्या संघटना वाढल्या, म्हणजे पगारी रजा आणि दुखण्याखुपण्यातले खाडे हे प्रश्न माझ्या जन्माच्या सुमारापासून मांडलेले आहेत. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. मावशींची त्यात नोंदणी होती, पण नूतनीकरण राहून गेलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांच्या वेळी सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना पंधराशे रुपये जाहीर केले तेव्हा ते त्यांना मिळाले नाहीत. नंतर नोंदणीसाठी मालकाचा दाखला लागतो म्हणून त्यांनी तो चारही घरी मागितला. एका घराने सांगितलं, कागदावर सही-बिही आम्ही करत नाही. हेच लोक सोसायटीच्या फॉर्मवर मात्र सही करून मोकळे झाले होते. मी दाखला लिहून दिला, किती वर्षांपासून काम करतात, काय काम करतात, पगार किती. लिहिताना लक्षात आलं की त्यांचं काम आमच्या घरात इतकी वर्षं आहे आणि त्याचा एवढा एकच कागद आहे.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या घरात कोविड आला. आधी नवरा, मग मी, मग मुलगी. सासूबाई कशा वाचल्या देव जाणे, त्यांना वरच्या मजल्यावर भाच्याकडे हलवलं होतं. नवऱ्याला ताप चढला त्याच संध्याकाळी मी मावशींना फोन केला, वहीत लिहिल्याप्रमाणे. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. बाकीच्या घरांनाही त्यांनी स्वतःच कळवलं की मी पाच तारखेपर्यंत या घरात जात होते, मला लक्षणं नाहीत, पण मी आठवडाभर थांबते. एवढ्या स्वच्छपणे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी कळवलं नव्हतं. आमच्यातले दोन जण पॉझिटिव्ह असून आठवडाभर गप्प होते, लिफ्टने खालीवर करत होते. महिनाअखेरीला मी पैसे पाठवले तेव्हा त्यांचा फोन आला. मला वाटलं आभार मानतील, आणि मला ते कसंतरीच वाटलं असतं. तर त्या म्हणाल्या, दोनशे कमी आलेत. खरंच कमी गेले होते, जानेवारीपासून वाढवलेले नवऱ्याच्या लक्षात राहिले नव्हते. मी लगेच पाठवले. इतका बरा फोन त्या महिन्यात दुसरा आला नाही.

आता मावशी तीनच घरं करतात. आमच्यासारखं वहीतलं पान त्यांनी प्रत्येक घरी मागितलं, महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या, दुखण्यात पगार, दिवाळीला एक पगार. दोन घरांनी दिलं. ज्या घराने मार्चचे दहा दिवस कापले होते तिथे त्यांनी हे बोलून दाखवलं, तिथल्या काकू म्हणाल्या असलं काही जमणार नाही, तर त्यांनी काम सोडलं. काकू त्यानंतर जिन्यात मला भेटल्या, फार वैतागलेल्या होत्या, नवीन बाई टिकत नाही, तुम्हीच समजावा ना हो तुमच्या मावशींना, तुमचं ऐकतात. मी म्हटलं, माझं ऐकायचा काय संबंध, काम तुमच्याकडचं आहे. त्यांनी इतक्या वर्षांत मावशींचा नंबर घेतलेलाच नव्हता. मी मावशींना विचारून तो दिला आणि सांगितलं की दुपारी तीननंतर फोन करा, तेव्हा त्या मोकळ्या असतात.